निफाडचे बाबा आणि नोव्हेंबरातली नवी वाइन

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपासून फ्रान्समध्ये, ल्योंला राहतो. येत्या नोव्हेंबरात माझे आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येत आहेत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि बाबांचं सगळं आयुष्य त्या बागेत गेलंय. नाशिकला कुणी वाइन पुढे केली तर ते एखादा ग्लास आवडीने घेतात. आई शाकाहारी, स्वतः घेत नाही, पण आम्ही घेतली तर तिची हरकत नसते. ते इथे असतानाच ‘बोझोले नूव्हो’ या नव्या वाइनचा दिवस येतोय. त्या दिवशी सगळ्यांनी बाहेर जेवायला जावं असं मला फार वाटतं. पण नवऱ्याचे ऑफिसातले लोक म्हणतात, तो नुसता जाहिरातीचा खेळ आहे, ती वाइन केळ्याच्या गोळीसारखी लागते, वडिलांना चांगली बोर्दो प्रदेशातली लाल वाइन द्या. खरं काय? शिवाय हॉटेलात वाइनची यादी हातात आली की मला घाम फुटतो. नावं कळत नाहीत, स्वस्तातली मागवली तर वेटर काय म्हणेल असं वाटतं, आणि चाखायला थोडीशी ओततात तेव्हा नेमकं काय करायचं तेही कळत नाही. आईसाठी काय मागवू? आणि बाबांना गावी मित्रांसाठी या नव्या वाइनच्या बाटल्या न्यायच्या आहेत, ते जमेल का?
— ल्योंहून एक वाचक

उत्तर : बोझोले नूव्होच मागवा. आणि जमलं तर रात्री न जाता दुपारी जेवायला जा.

बोर्दो बारा महिने मिळते, मुंबईतही मिळते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ल्योंमध्ये बसून यंदाच्याच द्राक्षांची वाइन पिणं हे मात्र तिथे आणि त्याच आठवड्यात होतं. ज्या माणसाने जन्मभर घड वाढवले, त्याला यातला आनंद ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळेल.

सहकाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, त्याला आधार आहे. ही वाइन जगभर गाजली तेव्हा मागणी पुरी करायला भरमसाट माल निघाला, आणि त्यातला बराच पातळ, एकसुरी होता. केळ्याचा वास हीसुद्धा कल्पना नव्हे. पण तो येतो कुठून हे कळलं की चांगली बाटली निवडणं सोपं जातं, आणि बाबांशी बोलायला एक विषयही मिळतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

बोझोले हा ल्योंच्या उत्तरेला लागून असलेला डोंगरउताराचा पट्टा. तिथल्या लाल वाइनचं द्राक्ष एकच, गामे. मणी बाहेरून काळा, पण दाबला की रस पांढराच निघतो. वाइनला रंग येतो तो सालीतून. एरवी लाल वाइन करताना मणी देठावरून सोडवून, फोडून टाकीत घालतात. इथे अख्खे घड घालतात, म्हणूनच तोडणी हाताने करावी लागते. वरच्या घडांच्या वजनाने तळचे मणी फुटतात, त्यांचा रस आंबू लागतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बंद टाकी त्या वायूने भरून जाते. हवा उरली नाही की न फुटलेल्या मण्यांत, सालीच्या आतल्या आत, किण्वन सुरू होतं. स्ट्रॉबेरी, चेरी, केळं अशा वासांची द्रव्यं त्यात तयार होतात. केळ्याचा वास काही ठरावीक यीस्ट वापरल्याने आणखी वाढतो. मोजक्याच दिवसांत रस दाबून काढून घेतात, त्यामुळे साली-बियांचा तुरटपणा फारसा उतरत नाही. उरलेलं आंबणं पुरं झालं, वाइन निवळली, की बाटलीत भरायची. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात वेलीवर असलेली द्राक्षं नोव्हेंबरात ग्लासात असतात.

इतक्या तरुण वाइनकडून बोर्दोची भारदस्त चव मागणं म्हणजे हुरड्याला ‘तू भाकरीसारखा पोटभरीचा का नाहीस?’ म्हणून विचारणं. हुरडा त्याच्या दिवसांत, शेतावर, चार माणसांत खायचा असतो. नूव्होचंही तसंच आहे.

आणि जाहिरात म्हणाल तर जाहिरात नंतर आली, नवी वाइन पिण्याची रीत तिच्या आधीची. ल्योंच्या खानावळींत बोझोलेची ताजी वाइन पिंपातून येत असे. १९५१ मध्ये सरकारने ठरावीक वाइन नेहमीच्या डिसेंबरच्या मुदतीआधी विकायला परवानगी दिली, आणि १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार कायमचा ठरला. बुधवारची मध्यरात्र उलटली की विक्री सुरू होते. गामे द्राक्षाला नावं ठेवण्याची परंपराही जुनीच आहे. बोझोलेच्या उत्तरेकडच्या बर्गंडी प्रांताचा ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये फर्मान काढून आपल्या मुलखातून हे द्राक्ष उपटून टाकायला सांगितलं होतं. ते दक्षिणेला बोझोलेत टिकलं, कारण तिथली ग्रॅनाइटची जमीन त्याला मानवली. बाबांना ही गोष्ट नक्की सांगा. कोणतं वाण कोणत्या जमिनीत धरतं यावर त्यांच्याकडे तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त बोलायला असेल.

आता दुपारी का, ते सांगते. वाइन मध्यरात्रीच खुली झालेली असते, त्यामुळे गुरुवारी दुपारी ती सगळीकडे मिळते. नोव्हेंबरात भारत तुमच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो. ल्योंमध्ये संध्याकाळी साडेसातला जेवायला बसलात, तर आई-बाबांच्या अंगात रात्रीचे बारा वाजलेले असतील. दुपारी साडेबाराला बसलात तर त्यांच्या हिशेबाने संध्याकाळचे पाच, म्हणजे गप्पांची वेळ. दुपारचा ठरलेला मेन्यू रात्रीपेक्षा स्वस्तही पडतो. मात्र जागा आधीच राखून ठेवा, त्या दिवशी अर्धं ल्यों बाहेर जेवत असतं.

जागा राखताना आईंचं जेवण आधीच बोलून घ्या. हे मी वाइनपेक्षा महत्त्वाचं मानते. ल्योंच्या जुन्या पद्धतीच्या खानावळी, ज्यांना तिथे ‘बुशों’ म्हणतात, त्या डुकराच्या मांसावर आणि आतड्या-काळजाच्या पदार्थांवर चालतात. सॅलडमध्येसुद्धा बेकनचे तुकडे असतात, कांद्याचं सूप बहुतेक वेळा मांसाच्या रश्शात केलेलं असतं. तुम्ही दोन वर्षं राहिलात म्हणजे हे तुम्हाला ठाऊक असेल, पण आई ताटाकडे बघत बसल्या आणि बाकीचे जेवले असं होऊ नये. बटाटा आणि सायीचा ‘ग्रातँ दोफिन्वा’, भोपळ्याचं सूप, ताज्या चीजमध्ये हिरवा मसाला घातलेली ‘सेर्व्हेल द कानू’ असं काही मिळेल का, हे फोनवरच विचारा. सुपाचा रस्सा कशाचा आहे तेही विचारा. फ्रेंच चीजमध्ये अनेकदा वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. आईंना ते चालतं की नाही, हे घरीच बोलून घ्या. बुशोंमध्ये जमत नसेल तर साधं बिस्त्रो, म्हणजे छोटं घरगुती हॉटेल, निवडा. नूव्हो तिथेही असतेच.

मग यादी येईल. फ्रेंच यादीने माणूस गोंधळतो याचं एक साधं कारण आहे. आपण द्राक्षाचं नाव शोधतो आणि तिथे गावाचं किंवा प्रदेशाचं नाव लिहिलेलं असतं. थोडी नावं डोक्यात ठेवली की निम्मी यादी उलगडते. शाब्ली म्हणजे शार्दोने, साँसेरची पांढरी म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ, बर्गंडीची लाल म्हणजे पिनो न्वार, शिनोंची लाल म्हणजे काबेर्ने फ्राँ, बोझोलेची लाल म्हणजे गामे. बाकीची यादी पाठ करायच्या फंदात पडू नका. यादीची माहिती असलेला माणूस तुमच्या टेबलाशी उभा असतो, त्याला विचारणं हा तुमचा हक्क आहे.

विचारायचं कसं? दोन गोष्टी सांगा, काय खाणार आहात आणि कशी चव आवडते. ‘हलकी, फळांच्या चवीची, तुरट नको’ एवढं पुरतं. किंमत सांगायला संकोच वाटत असेल, आणि बाबा शेजारी बसून युरोला रुपयाने गुणत असतील तर तो वाटणारच, तर तोंडाने आकडा बोलू नका. यादीतल्या तुम्हाला परवडणाऱ्या एखाद्या किमतीवर बोट ठेवा आणि म्हणा, ‘अशा प्रकारची काहीतरी’. वाइन वाढणाऱ्याला ही खूण बरोबर कळते आणि तो त्या किमतीच्या आसपासच सुचवतो. स्वस्त मागवली म्हणून चांगल्या ठिकाणचा वेटर नाक मुरडत नाही. हॉटेलात बाटलीची किंमत दुकानाच्या साधारण तिप्पट असते, त्यामुळे अकारण महाग बाटली मागवण्यात शहाणपण आहे असं मला वाटत नाही.

शिवाय बाटलीच मागवली पाहिजे असं कुठे आहे? तुम्ही पिणारे तिघं. ल्योंमध्ये जाड बुडाची ४६ सेंटिलिटरची एक बाटली मिळते, तिला ‘पो’ म्हणतात. खानावळीतली वाइन त्यातच भरून टेबलावर ठेवतात. तिघांत वाटली तर प्रत्येकाला पंधरा सेंटिलिटर, म्हणजे एक भरलेला ग्लास. आधी एक पो नूव्हो मागवा. ती किंचित गार हवी, बारा-तेरा अंशांवर. कोमट आली तर बर्फाच्या पाण्याची बादली मागा, त्यात काही गैर नाही. उलट लाल वाइन खोलीच्या उबेत प्यायची, या समजुतीमुळे नूव्होची मजाच जाते.

आणि मग, मुख्य पदार्थ आला की बाबांसाठी एक ग्लास ‘मोर्गों’ मागवा. या दिवसाचा मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. बोझोलेच्या उत्तर भागात दहा गावं-टेकड्या अशा आहेत की त्यांची वाइन स्वतःच्या नावाने विकली जाते: मोर्गों, फ्लरी, मूलाँ-आ-व्हाँ, ब्रुयी वगैरे. त्यांची नूव्हो करायला नियमाने बंदी आहे, ती सावकाश तयार होते आणि चांगल्या वर्षाची दहा वर्षंही टिकते. द्राक्ष तेच गामे. बाबांच्या पुढे दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवा. नूव्हो जांभळट, काठाशी गुलाबी, वास झपकन वर येणारा. मोर्गों जास्त गडद, वास घ्यायला नाक जरा आत न्यावं लागतं, पिकलेल्या चेरीचा आणि मातीचा, आणि घोट गिळल्यावर जिभेवर बारीक तुरटपणा राहतो. एकाच वाणातून जमीन, वेळ आणि कारागिरी काय काय काढते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. दोन्हींत कोणती आवडली ते त्यांना आधी सांगू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

पूर्ण बाटली मागवलीत तर चाखण्याचा प्रसंग येईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वेटर आधी बाटली दाखवतो. मागवलेलं नाव आणि वर्ष तेच आहे ना, एवढं बघा. मग तो तुमच्या ग्लासात थोडी ओततो. ग्लास हलवा, वास घ्या, एक छोटा घोट घ्या. इथे वाइन आवडली का हा प्रश्न नसतो, ती बिघडलेली तर नाही ना, एवढंच बघायचं असतं. बुचाला लागलेल्या एका रसायनामुळे कधीकधी वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल धरलेल्या खोलीचा वास येतो आणि फळाचा वास मरून जातो. तसं वाटलं तर ‘बुशोने (म्हणजे बुचामुळे बिघडलेली) आहे का?’ एवढंच विचारा. वेटर स्वतः हुंगून बघेल आणि खरंच असेल तर बाटली बदलून देईल, जादा पैसे न घेता. व्हिनेगरसारखा झोंबणारा वास आला तरी सांगा. नुसती आवडली नाही म्हणून मात्र परत देता येत नाही. बूच हुंगायची गरज नाही. सगळं ठीक असेल तर मान हलवा, बस्स. बाबा ज्येष्ठ आणि जाणकार, तेव्हा हा पहिला घोट त्यांनाच द्यायला वेटरला सांगा. त्यांना ते आवडेल.

ग्लासने मागवत असाल तर बाटली कधी उघडली हे विचारायला लाजू नका. उघड्या बाटलीतली वाइन दोन-तीन दिवसांत मवाळते.

आईंसाठी साधं नळाचं पाणी जगमध्ये भरून फुकट मिळतं. फ्रान्समध्ये ते द्यावंच लागतं, म्हणून बाटलीबंद पाणी आग्रहाने पुढे केलं तरी घेऊ नका. पण नुसत्या पाण्यावर त्यांना बसवू नका. द्राक्षाचा रस विचारा, काही ठिकाणी द्राक्षाचा फेसाळ बिनदारूचा रसही असतो. तोही वाइनच्याच ग्लासात मागवा. सगळ्यांनी ग्लास भिडवले तेव्हा त्यांचाही भिडला पाहिजे. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची तिथली पद्धत आहे, हे दोघांनाही आधी सांगून ठेवा. आणि ‘एक घोट घेऊन तर बघ’ असा आग्रह आईंना कुणी करणार नाही, हे तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी आधीच ठरवा. बाबांना साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. त्या दिवशी गाडी घरीच ठेवून मेट्रोने जा. बिलात सेवाशुल्क धरलेलं असतं, वर काही ठेवायचं ते तुमच्या खुशीने.

घरीही एक बाटली आणून ठेवा. सुपरमार्केटच्या दारात रचलेल्या ढिगातली नको. वाइनच्याच दुकानात जा, ज्याची स्वतःची बाग आहे आणि जो स्वतःच बाटली भरतो अशा शेतकऱ्याची नूव्हो मागा. लेबलवर ‘बोझोले-व्हिलाज’ असेल तर ती उत्तरेकडच्या, डोंगराळ भागातल्या गावांची, बहुधा जास्त चवदार. ती बाटली उघडायची भरल्या वांग्यांबरोबर किंवा पिठलं-ठेच्याबरोबर. तिखटावर तुरट, जड वाइन घेतली की जिभेची आग वाढते. तुमच्या यजमानांच्या सहकाऱ्यांची बोर्दो इथे हरेल. गार, हलकी नूव्हो मात्र आपल्या मसाल्याशी भांडत नाही. आई-बाबा आल्यावर आठवड्याभरात घरचं जेवण शिजणारच आहे, तेव्हा ही मेजवानी आपोआप जमेल.

फ्रान्समध्ये दर ऋतूला अशी काहीतरी पिण्याची रीत असते. उन्हाळ्यात प्रोव्हाँसची गुलाबी वाइन, हिवाळ्यात कालवांबरोबर म्युस्कादे, वसंतात पांढऱ्या शतावरीबरोबर अल्सासची म्युस्का. तुम्हाला अजून तिथे राहायचं आहे, तर एकेक ऋतूला एकेक चाखत जा, यादी आपोआप ओळखीची होईल.

शुक्रवारी किंवा शनिवारी बाबांना बागा दाखवायला न्याच. ल्योंहून उत्तरेला जाणारी लोकल गाडी व्हिलफ्राँश आणि बेलव्हिलला थांबते, तिथून बागा जवळ आहेत. एखाद्या शेतकऱ्याला आधी फोन करून वेळ घ्या आणि ‘वडील भारतात द्राक्ष पिकवतात’ हे सांगायला विसरू नका, स्वागत वेगळंच होईल. जुन्या बागांत मांडव दिसणार नाही. गुडघ्याएवढं खोड आणि त्यावरून गोलाकार वर गेलेल्या काड्या. नाशिककडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लावावी लागते. तिथे वेल हिवाळाभर झोपते आणि छाटणी एकदाच होते. गारपिटीची धास्ती मात्र दोन्हीकडे सारखी. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं फ्लरीच्या बागांना गारांनी झोडपलं. बाबांना भाषा येत नसली तरी तुम्ही दुभाषी व्हा आणि त्या दोघांना निवांत बोलू द्या. तेवढ्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

राहिला बाटल्यांचा प्रश्न. नूव्हो गावी नेऊ नका. ती पुढच्या काही महिन्यांत संपवायची वाइन आहे, आणि निफाडचा मार्च-एप्रिल तिला सोसणार नाही. त्याच शेतकऱ्याकडून मोर्गों किंवा मूलाँ-आ-व्हाँ घ्या. भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे आई-बाबांच्या प्रत्येकी दोन अशा चार बाटल्या बसतात. हातातल्या बॅगेत चालणार नाहीत, तेव्हा स्वेटरमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवा, आणि घरी पोचल्यावर थंड, अंधाऱ्या जागी आडव्या ठेवायला सांगा.